दस्तगीर मिस्त्री आणि पश्चिमेची भिंत

दस्तगीर मिस्त्री कोणतीही गोष्ट एकदाच सांगायचा. माझी त्याच्यावर जी तक्रार आहे, ती ही. एवढी वर्षं झाली, माझे दात गेले, पेढी मुलांच्या हाती गेली, पण ही तक्रार काही गेली नाही. आता ती सांभाळायचाही कंटाळा येतो. म्हणून लिहून ठेवतो.

कोल्हापुरात महाराजांच्या कारकिर्दीतली ती शेवटची वर्षं. वीज गावात नवी होती. आधी वाड्यावर आली, मग बंगल्यांत, मग हळूहळू पेठेत. इंजिनघराची धकधक संध्याकाळी शाहूपुरीपर्यंत ऐकू यायची. घरात वीज घ्यायची म्हणजे वायरमन हवा, आणि वायरमन म्हणावीत अशी माणसं कोल्हापुरात तेव्हा फार थोडी. त्यांत पहिलं नाव दस्तगीरचं. घराणं पिढीजात सुतारांचं. तरुणपणी तो मुंबईला एका गिरणीत गेला, तिथं तारा ओढायला शिकला आणि आई थकली म्हणून परत आला. त्यामुळे रंधा आणि पक्कड या दोन्हींवर त्याचा हात सारखाच बसलेला.

उंच, खांद्यात किंचित वाकलेला, दाढी कातरलेली. कामाला आला की दारात चपला काढायचा आणि पिशवीतून खडावा काढून पायांत घालायचा. मुसलमान माणूस खडावा घालून खटखट शिडी चढतो, हे बघून पेठेतले लोक हसायचे. मिस्त्री, बुवा कधी झालासा, असं कुणीतरी विचारायचंच. तो म्हणायचा, विजेला लाकूड कळत न्हाय, म्हणून लाकडावर उभा ऱ्हातो. एवढं बोलून पुन्हा कामात. हसणाऱ्यांबरोबर तो हसायचा नाही, आणि रागवायचाही नाही.

त्या वेळी तारा लाकडी पट्टीतून नेत. सागवानी पट्टी, तिला दोन खाचा, प्रत्येक खाचेत एक तार, वरून झाकण, पितळी स्क्रू. बाकीचे वायरमन तयार पट्टी आणून भिंतीवर ठोकत. दस्तगीर पट्टी स्वतः रंधायचा, खाचांना आतून लाखेचे दोन हात द्यायचा आणि पट्टी भिंतीला टेकूच द्यायचा नाही. मागं चिनी मातीच्या गुट्ट्या लावून बोटभर पोकळी सोडायचा. त्या फटीत करंगळी घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. करंगळी कुठं अडली की तेवढा तुकडा उतरवायचा. बाहेरच्या भिंतींबद्दल तर तो फारच काटेकोर. तार घरातली असली तरी भिंतीची दुसरी बाजू पावसात उभी असते, हे लोक विसरतात असं त्याचं म्हणणं. आमच्या गावात पाऊस पन्हाळ्याकडून येतो, तिरका, आणि पश्चिमेच्या भिंतींना दोन-दोन महिने झोडपतो. म्हणून ज्या घरात काम करायचं, ते घर तो पावसाळ्यात येऊन बघायचा. काम दिवाळीनंतरचं असलं तरी बघायला आषाढातच. बोलावलं नसलं तरी.

आत आला की भिंतीला गाल लावायचा. डोळे मिटून, एखाद्याच्या छातीचे ठोके ऐकावेत तसा. हाताला कळत नाही का, असं मी एकदा विचारलं. हात काम करून बहिरं झालंत, गाल अजून शाबूत हाय, म्हणाला.

दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या बंगल्यात तो कामाला होता तेव्हाची गोष्ट. साहेबांना तारा दिसायला नको होत्या. भिंत खोदून गिलाव्यात पुरून टाक, असा हुकूम. दस्तगीरनं एकदा सांगितलं, बाहेरच्या भिंतीत पुरणार न्हाय. साहेब तापले. हा खाली उतरला, पायरीवर बसला, भाकरीचं फडकं सोडलं आणि जेवू लागला. साहेब आत-बाहेर करत ओरडत होते. शेवटी बाईसाहेबांनी येऊन विचारलं, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दिसणारी तार वाईट दिसती, बाईसाहेब. न दिसणारी वाईट वागती." बाईसाहेब हसल्या आणि पट्टी बाहेरून लागली. हे मला बंगल्याच्या माळ्यानं सांगितलं. दस्तगीर स्वतःच्या गोष्टी स्वतः सांगायचा नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी होत्या. मुलानं घरात वीज घेतली आणि आजींनी दर शुक्रवारी विजेच्या खटक्याची पूजा सुरू केली. हळदकुंकू, फूल आणि वर पळीभर पाणी. मुलगा रागावला, सून रडली, आजी ऐकेनात. दस्तगीरला बोलावलं. त्यानं आजींना एका शब्दानं दुखवलं नाही. खटक्यापासून हातभर अंतरावर सागवानी फळीचा एक छोटा देव्हारा करून आतल्या कोरड्या भिंतीवर बसवला. म्हणाला, देव हितं हाय आज्जी, खटका त्याचा चाकर हाय, चाकराला आंघोळ घालू नगा. आजी मरेपर्यंत त्या देव्हाऱ्याला पाणी घालत होत्या. देव्हाऱ्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मी त्याला म्हटलं, मिस्त्री, असा धंदा करशील तर उपाशी मरशील. तो म्हणाला, मरतोय की हळूहळू, सगळीच मरत्यात.

आता माझ्या घराचं सांगतो.

मी गडहिंग्लजकडून आलेला माणूस. पाठीवर गुळाच्या ढेपा वाहिल्या, मग काटा धरला, मग दलाली केली, मग अडत घातली. स्वतःच्या हिमतीवर शाहूपुरीत खाली गोदाम आणि पेढी, वर राहतं घर असं बांधकाम केलं. बांधताना एक शहाणपण केलं. चुन्याचा गिलावा करताना त्यात गूळ आणि हिरडा घालायची रीत आहे, त्यानं चुना धरतो. माझ्याकडे पाघळलेला, विकण्यालायक न राहिलेला गूळ पडून होता. गवंड्यानं मागितला त्याच्या चौपट मी दिला. म्हटलं, गूळ चांगलाच की, आपल्या घरचाच आहे, भिंत लोखंडासारखी होईल. गवंडी काहीतरी पुटपुटला, मी त्याला गप्प केलं. सगळा गूळ पश्चिमेच्या भिंतीत गेला, कारण तीच भिंत शेवटी राहिली होती.

विजेचा खांब पश्चिमेच्या बोळात होता. तिथून तार थेट पश्चिमेच्या भिंतीनं आत घेतली की काम आटोपतं. मधल्या भिंतीनं आणायची तर अख्ख्या घराला वळसा, तिप्पट तार, तिप्पट पट्टी. मी दस्तगीरला दसऱ्यानंतर ये म्हटलं होतं. तो आषाढात आला. घोंगड्याची खोळ घेऊन तासभर बोळात उभा राहून माझ्या भिंतीकडे बघत होता. मग वर आला, भिंतीला गाल लावला. मग बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं.

"आण्णा, भिंत गोड लागतीया," तो म्हणाला. "काय घातलंय हिच्यात?"

मी गुळाचं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. त्यानं बोट सदऱ्याला पुसलं. मग म्हणाला, गूळ पाणी ओढतो, ही भिंत दर पावसात घाम गाळणार. हिच्यावर तार न्हाय. मधल्या भिंतीनं आणू.

बस्स. एवढंच.

आता माझं ऐका. मी गुळाच्या बाजारात जन्म काढलेला माणूस. आमच्याकडे पहिला नकार म्हणजे बोलणी सुरू झाल्याची खूण. शेतकरी नाही म्हणतो, आम्ही नाही म्हणतो, मग रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबतो आणि भाव ठरतो. नाही म्हटल्यावर जो खरंच उठून जातो, तसा माणूस मी पाहिलेलाच नव्हता. मी दस्तगीरला गादीवर बसवलं, चहा मागवला. पट्टीला लाखेचे चार हात दे म्हटलं. दोन बोटं पोकळी सोड म्हटलं. मजुरी वाढवतो म्हटलं. तो चहाकडे बघत बसला. शेवटी मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याचं बोट दाबलं. त्याचा हात तसाच पडून राहिला. बाजारात हात असा थंड पडला, की समजायचं, समोरचा आणखी मागतोय. मी दुसरं बोट दाबलं. तेव्हा त्यानं हात सोडवून घेतला, शिडी उचलली आणि गेला.

मला वाटलं, दोन दिवसांत येईल. तो आला नाही. मी दसऱ्यापर्यंत वाट पाहिली आणि मग माझं डोकं फिरलं. आयुष्यात रागानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं मंदीनंही नाही. भर बाजारात, काट्यापाशी, दहा-बारा व्यापाऱ्यांसमोर मी म्हणालो की दस्तगीर भ्याला. पावसाळी भिंतीवर काम करायचं त्याला येतच नाही, उगीच गाल लावून सोंग करतो. लोक हसले. माझा शब्द तेव्हा पेठेत चालायचा.

मग पुण्याहून आलेला एक वायरमन मी धरला. त्यानं मार्गशीर्षात भिंत बघितली. कोरडी ठणठणीत. बुक्की मारून बघितली, हसला, आणि दोन दिवसांत पट्टी सरळ भिंतीवर ठोकून मोकळा झाला. दिवे लागले. अख्खी पेठ बघायला आली. त्या हंगामात पेठेतल्या नऊ घरांनी तोच माणूस घेतला. दस्तगीरची शिडी पेठेत दिसेनाशी झाली.

पुढच्या आषाढात बायको मला म्हणाली, "अवं, मागच्या खोलीतल्या खुंटीला हात लावला की मुंग्या चावल्यागत हुतंय."

ती लोखंडी खुंटी पश्चिमेच्या भिंतीतच, पट्टीच्या खाली वीतभर. मी म्हणालो, चावणारच, भिंतीत गूळ आहे. आणि खरंच त्या भिंतीवर मुंग्यांची रांग असायचीच. तिनं भिंतीच्या कडेनं हळद टाकली. दोन दिवसांनी तिनं फरशी पुसली आणि ओल्या पायांनी ओलं फडकं खुंटीला अडकवायला गेली. मी पेढीवरून वर येत होतो. बादली पडल्याचा आवाज आला. आत जाऊन बघतो तर ती भिंतीला चिकटून उभी, तोंड उघडं, आवाज नाही. मी धावत जाऊन मुख्य खटका ओढला. ती खाली पडली.

ती वाचली. पण उजव्या हाताची दोन बोटं गेल्यासारखीच. चिमटीत मीठ घेतलं तर किती घेतलं ते तिला कळायचं नाही. त्यानंतर आमच्या घरची आमटी कधी अळणी, कधी खारट. मी एकदाही नाव ठेवलं नाही. एवढं तरी मी केलं.

पुण्याचा माणूस तोवर निघून गेला होता. मी पावसात चालत दस्तगीरच्या घरी गेलो. तो पुढच्या सोप्यात बसून एका दाराची चौकट रंधत होता. विजेचं काम उरलं नव्हतं, तेव्हा पुन्हा सुतारकी. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं रंधा बाजूला ठेवला, बायकोला सांगितलं की उशीर होईल, आणि शिडी घेतली.

त्यानं खडावा घातल्या आणि पट्टीचं झाकण काढलं. आतून पाणी ठिबकलं. तारेवरचं रबर ओल्या भाकरीसारखं बोटांना लागत होतं. ते त्यानं मला दाखवलं, दाखवायचं म्हणून नव्हे, तर मी समोर उभा होतो म्हणून. मग चार दिवस काम केलं. पश्चिमेची सगळी तार उतरवली, खांबापासून वळसा घालून मधल्या भिंतीनं नवी आणली, पट्ट्या रंधल्या, लाख दिली, करंगळी फिरवली. माझ्या बायकोला रोज हात कसा आहे म्हणून विचारायचा. माझ्याशी कामापुरतं.

चौथ्या दिवशी मला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं. मी त्याच्या अंगावर ओरडलो. म्हणालो, एकदा सांगून गप्प बसलास. बजावून का नाही सांगितलंस? दाराशी येऊन बसायचं होतंस. माझ्या घरातलं माणूस मरता मरता राहिलं, आणि तू चहा टाकून उठून गेलास.

तो शिडीवर होता. तिथून खाली बघत म्हणाला, "दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणला असता, आण्णा? मिस्त्री भाव वाढवून मागतोय. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर म्हणला असता, मिस्त्री आता भावात उतरला. एकदाच सांगितलं, तर निदान त्यो नकार तरी ऱ्हायला."

त्याच्या या बोलण्यामुळेच माझी तक्रार आज अधिक आहे.

सामान भरून झाल्यावर त्यानं ठरलेली मजुरी घेतली. वर दिले ते बाजूला सारले. दारात चपला घालताना म्हणाला, "एक काम करा, आण्णा. पेठेत एकदा सांगा, भिंत वली हुती म्हणून."

"सांगतो," मी म्हणालो. "हंगाम होऊ दे."

हे वाचणाऱ्याला वाटेल, एक वाक्य तर बोलायचं होतं. पण माझं गोदाम त्याच भिंतीला लागून होतं. शेतकरी भाव चढेपर्यंत गूळ माझ्याकडे ठेवत. गुळाला ओल म्हणजे मरण. आण्णाची भिंत घाम गाळते हे पेठेत कळलं असतं, तर एकही गाडी माझ्या दाराशी थांबली नसती. खरं म्हणजे मी ढेपा त्या भिंतीपासून दोन हात लांब, फळ्यांवर रचत होतो. मला स्वतःला ती भिंत ठाऊकच होती, हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो. बायकोच्या हाताला काय झालं असं लोकांनी विचारलं, तर वाताचा झटका म्हणून सांगत होतो. ती ऐकून आत निघून जायची.

हंगाम झाला. मग म्हटलं, पाडवा होऊ दे. मग भाव बरे होते, म्हटलं, माल निघू दे. पुन्हा हंगाम आला. दस्तगीर आठवण करून द्यायला आला नाही. रस्त्यात दिसला तर सलाम करायचा, मी सलाम घ्यायचो. पेठेत त्याला कुणी विजेचं काम दिलं नाही. दोन घरांत पुण्याच्या माणसाच्या पट्ट्या काळ्या पडल्या, तरीही नाही. भ्यालेला मिस्त्री हे नाव त्याला पक्कं चिकटलं होतं, आणि ते चिकटवणारा माणूस गप्प होता.

शेवटचा दिसला तो स्टेशनवर. मी माल डब्यांत भरून घेत उभा होतो, बरोबर पेठेतले तीन व्यापारी. मिरजेची गाडी लागली होती. दस्तगीर आला, मागं त्याची बायको, डोक्यावर बोचकं. हमालाच्या खांद्यावर एक पेटी आणि बांधलेलं अंथरूण. इतकं सामान घेऊन माणूस दोन दिवसांसाठी जात नाही. मी विचारलं, काय मिस्त्री, कुणीकडं?

"कुरुंदवाडला," तो म्हणाला. "मेव्हणा हाय तितं. सुतारकीचं काम हाय."

मग तो थांबला. गाडीला वेळ होता असं नाही. हमाल पुढं गेला, बायको डब्यात चढली, तरी तो माझ्यासमोर उभा राहिला. एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. तिघे व्यापारी शेजारी होते. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी मालाच्या डब्यातल्या ढेपा मोजायला लागलो.

तो चढला. खिडकीशी बसला. एका म्हातारीची पिशवी वर ठेवायला मदत केली, आणि मग बाहेर बघत राहिला, माझ्याकडे नव्हे, पलीकडे कुठेतरी.

शिट्टी झाली. व्यापाऱ्यांतल्या एकानं, जो पेठेत नवीन होता, मला विचारलं, "कोण हो ह्यो?"

"वायरमन," मी म्हणालो.

"कामाला कसा हुता?"

गुळाच्या बाजारात घेणारा माणूस पहिल्या प्रतीच्या मालालाही चांगला म्हणत नाही. ढेप फोडावी, आत सोन्यासारखा रवा दिसावा, जीभ सुखावावी, तरी तोंडानं एकच शब्द काढायचा.

"बरा हुता," मी म्हणालो.

त्या तिघांना त्या शब्दाची किंमत माहीत होती. पण दस्तगीर गुळातला माणूस नव्हता, आणि गाडी अजून हलली नव्हती, आणि खिडकी उघडी होती.